राजहंसगडच्या अनोळखी माणसांनो, मनापासून आभार!

रविवारी आईला घेऊन बेळगावच्या येळ्ळूर गावाजवळच्या राजहंसगडाच्या डोंगराला पायवाटेनं वळसा घातला. गडावर सिद्धेश्वराचं दर्शन छान झालं, पण उतरताना जांभ्याच्या घसरड्या वाटेवर तिचा गुडघाच धरला. गवताचा भारा टाकून धावत आलेल्या मावशी, तुम्ही नावही सांगितलं नाहीत. आईचा हात धरून पार खालच्या भातशेताच्या बांधापर्यंत सोबत आलात. "माझी आई असती तर सोडून गेले असते का?" म्हणालात. तिला दुचाकीवरून गावात पोचवणारा मुलगा, ताकाचा तांब्या पुढं करणारं घर, तुमचेही खूप आभार. वाटेतली काटेरी झुडपं कुणीतरी नुकतीच तोडली होती, त्यांचेही. मावशी, तुमचा भारा जागेवर मिळाला ना? आई रोज विचारते.