बाबांच्या डोळ्याच्या वेळी मी समुद्रावर असेन

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर सांगणारच होते, पण बाबांचा आवाज ऐकला आणि धीरच झाला नाही. फेब्रुवारीतल्या मोहिमेला मी होकार कळवलाय. नॉर्वेतल्या आमच्या ट्रॉम्सोहून निघून ग्रीनलंड समुद्रातल्या बर्फाच्या कडेपर्यंत, चार आठवडे. म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी तिथे नसेन.

"उन्हाळ्यात का नाही जात?" असं आई विचारणारच. अगं, उन्हाळ्यात समुद्र ऊब साठवत असतो. ती हवेला देतो हिवाळ्यात, आणि तेच तर आम्हाला मोजायचंय. अटलांटिकचं कोमट पाणी इथवर येतं, म्हणून 69 अंश उत्तरेला असूनही आमचं बंदर गोठत नाही. बर्फावरची उणे 20-25 अंशांची हवा या 4-5 अंशांच्या पाण्यावर आली, की समुद्रातून धूर निघावा तशी वाफ उठते. दर चौरस मीटरमागे 500 वॅटहूनही जास्त उष्णता हवेत जाते, काही थेट, काही बाष्पातून. आई, आंघोळीनंतर ओल्या अंगाने दारात गेले की तू टॉवेल घेऊन मागे धावायचीस आणि डोकं खसाखसा पुसायचीस ना? वारा अंगातली ऊब न्यायचा, तो अस्साच.

बाबा, हे तुम्हाला आवडेल. गोडं पाणी 4 अंशांखाली पुन्हा हलकं होतं, समुद्राचं मात्र गोठेपर्यंत जडच होत जातं. म्हणून ऊब गेलेलं पाणी शेकडो मीटर खाली उतरतं आणि खोलातून दक्षिणेकडे निघतं. हिवाळ्यातली बरीचशी उष्णता अशा मोजक्या वादळी दिवसांतच जाते. उपग्रहातून ढगांच्या रांगा दिसतात, पण लाटेलगतच्या हवेसाठी तिथेच असावं लागतं. डोलकाठीवरचं यंत्र सेकंदाला 20 वेळा वारा मोजतं. त्यावर रात्रीतून बर्फ चढतो आणि सकाळी कुणाला तरी तो काढावा लागतो.

बर्फ जहाजावरही चढतो. तुम्ही कुठेतरी वाचालच, म्हणून मीच सांगते. तो वेळच्या वेळी फोडतात, फार झालं तर कप्तान जहाज वळवतो. डेकवर एकटीने जायचं नाही असा नियम आहे. केबिन इतकी गरम असते की स्वेटर काढावा लागतो. जेवण गरम, झोप वेळेवर. खरंच.

आता ऐका. तारीख पुढे ढकलायची नाही, माझ्यासाठी तर अजिबात नाही. ताई रजा काढून येतेय. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवा. बाबा, डोळा चोळायचा नाही, वाकून काही उचलायचं नाही. आणि आई, तुझी बीपीची गोळी या धावपळीत विसरायची नाही. काहीही झालं तरी त्याच दिवशी कळव. त्या वर्षीसारखं नंतर नको गं.

जहाजावर मेल येते, जरा उशिरा येते एवढंच. डोळ्याची पट्टी निघाली आणि डॉक्टर हो म्हणाले, की बाबांनी स्वतः दोन ओळी टाइप करून पाठवायच्या. मी वाट बघतेय.

तुमची,
धाकटी