घुमट, चवथ आणि अथेन्सचा पराभव

फोंडा, गोवा
चवथीनंतरचा रविवार

प्रिय संदेश,

परवा फोनवर तू म्हणालास, "घमेंड रे सगळी, पैसा डोक्यात गेला की मोठे खेळाडूसुद्धा हरतात." मागे आरती चालली होती म्हणून गप्प बसलो. आता घर रिकामं झालंय, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळंही वाटून संपली. सवडीने भांडतो.

२००४ चं अथेन्स ऑलिंपिक आठव, बास्केटबॉलचं. कँटीनमध्ये पेपर वाचून तू म्हणाला होतास, आकडे उलटे छापलेत. पोर्तो रिको ९२, अमेरिका ७३! डंकन, आयव्हरसन, कोवळा लेब्रॉन, सगळे होते की. पण त्या दिवशी त्यांनी तीन गुणांचे २४ शॉट मारले नि आत गेले फक्त ३. त्यात घमेंड कुठे आली? समोरचे रिंगखाली गर्दी करून उभे होते आणि लांबून हमखास नेम लागेल असं माणूस संघात जवळजवळ नव्हतंच. नावं बघून बारा जण उचललेले.

शिवाय नियम वेगळे. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बचाव करणाऱ्याला, जवळ कोणाला अडवत नसेल तर, रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या ऑलिंपिकसारख्या सामन्यात उंच गडी तिथे खुशाल ठाण मांडतो. आयव्हरसनसारख्याची मुसंडी मारायची वाटच बंद. सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा, बाद फेरीत एक हरलं की संपलं. सात सामन्यांची मालिका असती तर चूक सुधारायला वेळ मिळाला असता.

मला सगळ्यात आवडतो तो २००६ च्या जागतिक स्पर्धेतला ग्रीस. एकही एनबीएवाला नाही, तरी अमेरिकेविरुद्ध १०१-९५ ने जिंकले. पुन्हा पुन्हा तीच चाल: एकाने आड उभं राहायचं, दुसऱ्याने त्याला वळसा घालायचा, की आडवा उभा असलेला रिंगकडे सटकतो. अमेरिकेचे दोघे एकमेकांकडे बघतात, तू जातोस की मी? तेवढ्यात बास्केट.

हेच बघणं मी यंदा आमच्या घरी पाहिलं. पुतण्याने हौसेने आजूबाजूच्या गावांतले तीन नावाजलेले घुमटवाले बोलावले, आरतीला मातीचं घुमट वाद्य वाजवणारे. एकेकटे काय वाजवतात म्हणून सांगू! पण तिसऱ्या आरतीला लय चढवायची वेळ आली आणि तिघांनी तीन ठिकाणी चढवली. शामेळ हे छोटं ढोलकं वाजवणारा थांबला. कासाळं, म्हणजे झांजा, वाजवणारा पोर एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडे बघतोय. आरती चक्क मोडली. घमेंड म्हणशील तर नाही मरे, तिघंही एकमेकांची माफी मागत होते. दुसऱ्या दिवशी आमचेच म्हातारे बसले. वाजवणं साधंच, एकाचं घुमट तर थोडं बसकं. पण कोणी कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

अथेन्सच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८९-८१ ने हरवणारा अर्जेंटिना तसाच. जिनोबिलीने २९ गुण केले हे खरं, पण तो, स्कोला, नोसिओनी ही मंडळी दोन वर्षांपूर्वी इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेतही एकत्र होती आणि तिथेही त्यांनी अमेरिकेला हरवलं होतं.

आता तू पॅरिस ऑलिंपिक काढशील. कबूल. २०२४ ला अमेरिकावाले सर्बियाविरुद्ध १७ गुणांनी मागे पडूनही ९५-९१ ने जिंकले, एकट्या स्टेफन करीचे ३६. पण बघ, तारून नेलं ते लांबून नेम लावणाऱ्यानेच.

दिवाळीत येतोयस ना? कॉलेजच्या कोर्टावर एका रिंगला अजून जाळी नाही. गुडघ्याचा पट्टा घेऊन ये.

तुझा,
विनय