ओल्या फडक्यानं पूस

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू आपटलास की मी, यावरून तुझे बाबा आणि मी अजून भांडतोय. माझ्या मते तूच. ‘आई, पक्ष्यांच्या दाण्याचा फीडर कुठे टांगू एवढंच विचारलं होतं,’ हे तुझं शेवटचं वाक्य. खरंच तेवढंच विचारलं होतंस आणि मी वीस मिनिटं भलतंच बोलत बसले. म्हणून हे पत्र. यात फीडर, फांदी, प्रकाश एवढंच लिहीन, तुझ्या छातीबद्दल एक अक्षर काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय.

तर आधी जागा. पलंग बागेकडच्या खोलीत हलवलाय म्हणालास, मग पक्ष्यांचे फोटो त्याच खिडकीतून काढ. फक्त काचेचं बघ. पक्ष्यांना काचेत झाड दिसतं, आभाळ दिसतं, आणि ते सरळ येऊन आपटतात. म्हणून फीडर एक तर काचेपासून 1 मीटरच्या आत हवा, म्हणजे दचकून उडाले तरी वेग यायच्या आत काच येते. नाहीतर 10 मीटरच्या पलीकडे. आणि आपल्याला फोटोसाठी हवं असतं 4-5 मीटर, म्हणजे नेमकं घातक अंतर. यावर मी करायचे ते सांगते. ज्या तावदानातून फोटो काढायचा ते सताड उघडं ठेव, तिथे गडद रंगाचं जाड कापड सोड आणि लेन्सपुरती फट ठेव. बाकीच्या काचांवर बाहेरून उभ्या दोऱ्या लोंबत सोड, चार-चार बोटांच्या अंतरानं. दिसायला गबाळं दिसतं, मीरा कुरकुरेल. पण एक मेलेला पक्षी खिडकीखाली सापडला की कॅमेरा हातात धरवत नाही, हे मी अनुभवलंय.

खिडकी उघडी म्हणजे सकाळचा गार वारा थेट अंगावर. गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ. हे छातीबद्दल नाही, हे कोणालाही सांगितलं असतं.

अंतराचा हिशोब असा. तुझ्या 400 मिमीच्या लेन्सला फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढा सेन्सर) 4 मीटरवर आडवी साधारण 36 सेंटिमीटर जागा दिसते. चिमणी 15-16 सेंटिमीटरची. म्हणजे ती निम्म्याहून थोडी कमी चौकट भरते आणि उरलेली जागा चित्राला श्वास घ्यायला राहते. (बघ, शब्द आलाच.) लेन्सचं किमान फोकस अंतर मात्र आधी बघून घे; माझी जुनी लेन्स 4 मीटरच्या अलीकडे धूसरच दाखवायची. आणि लेन्सचं छिद्र एफ 5.6 वर ठेवलं तर एवढ्या जवळून जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोलीच नीट येते. डोळा आला तर शेपटी गेली. जाऊ दे शेपटी. फोकस डोळ्यावरच धर.

फांदीचं मी तुला काय शिकवणार? ते मला तू शिकवलंस. तेव्हा तू सात-आठ वर्षांचा. मी चादरीच्या आडोशाला बसून फीडरचेच फोटो काढत होते, प्रत्येक फोटोत प्लास्टिकची नळी आणि तिला लटकलेला पक्षी. तू माझ्या मांडीशी बसून कंटाळला होतास आणि म्हणालास, ‘आई, तो आधी तिकडे बसतो, मग इकडे येतो.’ कुंपणाच्या त्या वाळक्या काटकीवर. मी इतकी वर्षं बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. पक्षी थेट दाण्यावर उतरत नाही, आधी जवळच बसून अंदाज घेतो. त्या दिवसापासून मी फीडरकडे कॅमेरा लावणंच सोडलं. फीडरच्या शेजारी दीड-दोन फुटांवर एकच छानशी फांदी बांधायची, आजूबाजूच्या बसण्याच्या बाकी जागा काढून टाकायच्या, आणि फोटो त्या फांदीवरचा. फीडर चौकटीबाहेर. मी हे अजून सगळ्यांना सांगते, माझ्या मुलानं शोधलं म्हणून. जगात आधी कोणी शोधलं असेल तर असो.

आणि त्याच दिवशी तू शिंकलास. दयाळ बसला होता, रोलमधले शेवटचे दोन फोटो उरले होते, आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. छत्तीस फोटोंचा रोल संपेपर्यंत तू मग श्वास रोखून बसायचास, लाल व्हायचास. ते आठवलं की हल्ली मला झोप येत नाही. आता तर तुझा कॅमेरा आवाज न करता सेकंदाला पंधरा-वीस फोटो काढतो. खोकला आला तर बिनधास्त खोक. उडू देत त्यांना, परत येतात.

फांदी अंगठ्याएवढी जाड पुरे, खरबरीत सालीची असली तर उत्तम, आणि दर आठवड्याला बदल, नाहीतर सगळे फोटो एकाच सभेतले वाटतात. उंची तुझ्या बसल्या डोळ्याइतकी. वरून काढलेला पक्षी केविलवाणा दिसतो. फांदीच्या मागे निदान 5-6 मीटर काही नको, त्यापलीकडे सावलीतली हिरवळ असली की मागचं सगळं एकजीव होऊन जातं. ऊन तुझ्या पाठीशी, सकाळचं. पातळ ढग असतील तर दिवसभर चालेल. शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस, बसलेली चिमणीसुद्धा मान स्थिर ठेवत नाही. दाट झुडूप फीडरपासून 3 मीटरवर असू दे: ससाणा आला तर पक्ष्यांना धावत गाठता येईल इतकं जवळ, आणि मांजराला तिथून झडप घालता येणार नाही इतकं लांब.

दाण्यात बारीक भरड धान्य आणि सूर्यफुलाच्या बिया, पाव नको, खारवलेलं काही नको. दयाळ दाण्याला यायचा नाही, तो पाण्याला येतो. उथळ ताटली, दोन बोटं पाणी, आणि वरून थेंब पडेल अशी भोक पाडलेली बाटली. त्या टपटपीला कोण कोण येतं बघशील.

आता सफाई. इथे मला लिहावंच लागेल, बाबा काही म्हणोत.

फीडर दोन आठवड्यांतून एकदा धुवायचा, दमट हवेत दर आठवड्याला. साबण, मग 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी यात दहा मिनिटं, मग खळखळून धुऊन पार वाळवायचा. आपण पक्ष्यांना एका ताटात जेवायला बोलावतो, त्यामुळे एकाचा रोग सगळ्यांना लागतो. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाचे छोटे हिरवट पक्षी 2005 पासून ट्रायकोमोनोसिस या परजीवीच्या रोगानं इतके मेले की 2021 मध्ये त्यांना तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं, आणि उष्ट्या दाण्यापाण्यातून हा रोग पसरतो. तेव्हा धुवायचाच. पण तू नाही. ब्लीचचा वासही तुला नको. मीरानं करावं असं म्हणत नाही, तिलाही फुप्फुसं आहेतच. कोणीही करो, हातमोजे आणि मास्क घालून, बाहेर उघड्यावर. आणि खाली पडलेली टरफलं, शीट हे कोरडं झाडायचं नाही. आधी पाणी शिंपडायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. वाळलेली शीट आणि पिसांची भुकटी उडते, ती नाकावाटे आत जाते. दाणे थोडेच घाल, जमिनीवर सांडू देऊ नकोस, नाहीतर चार चिमण्यांऐवजी चाळीस कबुतरं येऊन बसतील.

आबांची कबुतरांची ढाबळ आठवते तुला? ते रोज सकाळी आत शिरून खराट्यानं झाडायचे आणि दारातून येणाऱ्या तिरिपेत ती धूळ सोन्यासारखी चमकायची. मी त्याचा फोटो काढलाय. आबा पाठमोरे, उजेडाचा पट्टा, आणि एका कोपऱ्यात तू, हातात फडकं. जिन्यापाशी लावलेला होता तोच. तो खोकला सगळे ‘आबांचा खोकला’ म्हणायचे, जसा आबांचा चष्मा, आबांची काठी. वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते, हे मी फार नंतर वाचलं. आबांना तेच होतं असं म्हणत नाही, कोणी तपासलंच नाही. गेल्या महिन्यात तुझा एक्स-रे बघून घरी आले आणि तो फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. बाबांनी विचारलं, मी म्हटलं, खिळा सैल झालाय.

एक टांगलेला फीडर म्हणजे ढाबळ नव्हे, कळतं मला. उघड्या बागेत दाणे घालणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, हेही कळतं. पण तुझं न्यूमोनियातून उठून अजून महिना झालेला नाही, आणि मी फोनवर विचारलं, डॉक्टरांना पक्ष्यांचं सांगितलंस का, तर तू विषय बदललास. दोनदा. लहानपणी दूध मोरीत ओतलंस की असाच विषय बदलायचास.

चुकलं माझं. चाळिशीच्या माणसाला काय हे सांगायचं.

थोडं राहिलं. खिडकीतलं कापड आणि स्टँड दोन-चार दिवस आधीच लावून ठेव, पक्ष्यांना सवय होऊ दे. मोबाइलवर आवाज लावून त्यांना बोलावू नकोस. घरटं दिसलं तर तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे तुला सांगायची गरज नाही. गावाला जायचं झालं तर एकदम बंद न करता दाणे हळूहळू कमी कर.

माझा तिपाई स्टँड पाठवतेय. एक पाय थोडा घसरतो, त्यावर चिकटपट्टी लावलीये, ती काढू नकोस. सोबत मास्कचं खोकं आहे. ते बाबांनी घातलंय, मी नाही.

हे वाचून बाबा म्हणाले, ‘एक अक्षर काढणार नव्हतीस ना?’ मी म्हटलं, पत्रात फीडर कुठे टांगायचा तेही आहे की.

पहिला फोटो हलला असला तरी पाठव. आणि मंगळवारी डॉक्टर पक्ष्यांबद्दल काय म्हणाले, ते त्याच्याखाली लिही.

तुझी,
आई