घरी बांधलेल्या विमानाची इंधनचाचणी सक्तीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानाची 2017 मध्ये नोंदणी झाली, याचा मला अभिमान आहे. मात्र हौशी विमानबांधणीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात पंख, इंजिन आणि खर्च यांचीच चर्चा असते. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत कसे पोहोचते, हे कोणी विचारत नाही. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरावर स्वतःचे ‘लाँग-ईझी’ हे हौशी बांधणीचे विमान चालवताना मरण पावले. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलणारा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. पेट्रोलची नळी बैठकीच्या जागेतून जाऊ नये म्हणून बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू चांगला होता, पण त्या मुठीवर खुणा नव्हत्या आणि तिच्यापर्यंत हात नेण्यासाठी पूर्ण वळून बसावे लागे. वळताना उजव्या पायाने रडर (विमानाची दिशा वळवणारे सुकाणू) दाबले गेले असावे आणि विमानावरील ताबा सुटला असावा, असे तपासातून पुढे आले. जोडणीत निर्दोष असलेला भागही चुकीच्या जागी जीवघेणा ठरतो, हे मला येथे सांगायचे आहे.

जोडणीतही बारकावे आहेत. विमानाच्या इंधननळीचे फुलवलेले टोक 37 अंशांचे असते, तर मोटारीच्या नळीचे 45 अंशांचे. दोन्ही एकमेकांत आवळली जातात, पण नीट बसत नाहीत. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरच्या जाळीत अडकतात. इंजिनाजवळच्या नळीवर अग्निरोधक आवरण नसेल, तर उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो.

यातील बरेच दोष जमिनीवरच पकडता येतात. विमानाचे नाक चढाईच्या सर्वांत तीव्र कोनापर्यंत उचलायचे, टाकीत कमीत कमी इंधन ठेवायचे, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवून भांड्यात धरायची आणि घड्याळ लावून पेट्रोल मोजायचे. पंपाच्या व्यवस्थेत इंजिनाच्या कमाल गरजेच्या 125 टक्के आणि केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेत 150 टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. पंप असलेल्या 180 अश्वशक्तीच्या इंजिनाला या हिशेबाने मिनिटाला सुमारे 1.3 लिटर पेट्रोल मिळावे लागते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानेही 2012 च्या अहवालात इंधनव्यवस्थेच्या अशा प्रत्यक्ष चाचणीची नोंद उड्डाणाच्या परवान्याआधी मागावी, अशी शिफारस केली.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. हलक्या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनासाठी निर्मात्याने 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केले आहे आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. ते रबरी नळ्या व काही फायबरच्या टाक्यांना अपाय करते, शिवाय पाणीही शोषून घेते. त्यामुळे टाकी व नळ्या कशाच्या आहेत आणि त्यांत कोणते इंधन भरणार, हेही आधी लेखी नोंदवले गेले पाहिजे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पहिल्या उड्डाणापूर्वी प्रवाहचाचणीचा तारखेसह लेखी अहवाल बंधनकारक करावा आणि महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या विमानप्रकल्पांना तोच नियम लावावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या वार्ताहरांनीही अशा विमानाची बातमी देताना हा अहवाल पाहायला मागावा.

– एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, पुणे