सौर प्रकल्पाला नव्हे, करारातल्या लबाडीला विरोध करा

मा. संपादक,
स. न.

‘सौर प्रकल्प शेती गिळताहेत’ हा कालच्या अंकातला लेख वाचून संताप आला. लेखकाने उदाहरण दिले मंगळवेढ्याच्या काळ्या रानाचे. ते रान ज्वारीचेच आहे, तिथे पॅनल बसवा असे कोणीच म्हणणार नाही. नान्नजचे गवताळ माळही माळढोकासाठी राखलेच पाहिजेत. पण आमच्या दक्षिण सोलापुरात वीतभर मातीखाली नुसता मुरूम असलेली रानेही आहेत. पाऊस झाला तर हुलगा-मटकी, नाही तर तेही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशा जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. याबद्दल लेखात एक ओळसुद्धा असू नये?

आणि ती वीज जवळच्या उपकेंद्रातून शेतीपंपांनाच द्यायची आहे, तीही दिवसा. रात्रीच्या लाइटीवर कांद्याला पाणी द्यायला गेलेल्या माझ्या चुलतभावाला मोटारीच्या पेटीजवळ घोणस चावली. जीव वाचला, पण पाय आजही सुजतो. होटगीजवळच्या औष्णिक केंद्राला कोळसा जाळावा लागतो आणि उजनीचे पाणी द्यावे लागते. सौर पॅनलना धूळ धुण्यापुरते पाणी पुरते. दुष्काळी जिल्ह्यात हा फरक लहान नाही.

टीका करायचीच होती तर करारनाम्यांवर करायची. योजनेबाहेर परस्पर जमिनी घेणारेही गावोगाव फिरत आहेत. गेल्या उन्हाळ्यात असाच एका खासगी कंपनीचा एजंट माझ्या आत्याकडे आला. तिचे रान उपकेंद्राजवळ, रस्त्याला लागून, त्यामुळे त्याला भलतीच घाई. आत्या एकटी, मुलगा पुण्याला. कागद सगळा इंग्रजीत. “मावशी, इथं सही करा, बाकीचं आम्ही बघतो.” मी तो कागद वकिलांकडून वाचून घेतला. भाडेवाढीचे कलमच नव्हते. पहिल्या वर्षी जी रक्कम, तीच शेवटच्या वर्षी. कंपनीला हवे तेव्हा करार सोडता येणार, आत्याला नाही. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोणी उपसायचे, याबद्दल एक अक्षर नाही. मराठी प्रत मागितली तर “मग राहू द्या” म्हणून तो उठला आणि पुढच्या गावाला गेला. तिथे किती जणांनी सह्या केल्या असतील, या विचाराने आजही जिवाला घोर लागतो.

म्हणून माझी मागणी आहे की भाडेपट्ट्याचा मसुदा मराठीतच असावा आणि नोंदणीआधी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. भाडेवाढ, थकलेल्या भाड्यावरचे व्याज आणि जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी ही कलमे नसतील, तर दुय्यम निबंधकांसमोर जाऊच नये. जमिनीवर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असेल तर त्याचाही निकाल आधी लावावा.

लेखासोबतच्या फोटोत पॅनलमागे वाळूच्या टेकड्या दिसतात. सोलापूर जिल्ह्यात अशा टेकड्या कुठे आहेत? आपला वार्ताहर आमच्या भागात पाठवा. मुरमाड रानही दाखवतो आणि आत्याकडचा तो कागदही.

आपला,
एक शेतकरी वाचक, दक्षिण सोलापूर