रंग कशाला मारता, टाकी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कारखान्यांच्या टाक्या आणि गंज यांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्या वाचनानंतर वाटलं, आपलाच चष्मा बदलायला झालाय. लेखासोबतचा फोटो पाण्याच्या जलकुंभाचा आहे, तोही सिमेंट काँक्रीटचा. ठाणे-बेलापूर रोडला दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत लोखंडी टाक्यांना काय तोटा आहे? आपल्या छायाचित्रकाराने रिक्षातून नुसती मान बाहेर काढली असती तरी दहा दिसल्या असत्या. पण फोटोवर माझा राग नाही. राग आहे तो ‘दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उत्तम प्रतीचा रंग द्यावा, म्हणजे टाक्या सुरक्षित राहतात’ या वाक्यावर.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. अगदी याच शब्दांत, फक्त सांगणारे पत्रकार नव्हते, आमचे प्लांट मॅनेजर होते.

टीटीसीतल्या, म्हणजे याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका डाय-इंटरमीजिएटच्या (रंगद्रव्यांचा कच्चा माल बनवणाऱ्या) कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. नाव लिहीत नाही, तिथे आता गोडाऊन झालंय. आमच्याकडे सल्फ्युरिक ॲसिडच्या दोन टाक्या होत्या, साध्या माइल्ड स्टीलच्या, ॲसिड ९८ टक्क्यांचं. आता आपले लेखक लिहितात, ‘तीव्र आम्लामुळे लोखंड झपाट्याने सडते.’ घ्या! अहो, ९८ टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडात नांदतं, म्हणून तर ते लोखंडी टाकीत ठेवतात आणि लोखंडी टँकरमधून आणतात. असं ॲसिड लोखंडाला लागलं की आयर्न सल्फेटचा थर धरतो आणि तो थरच पुढचं लोखंड राखतो. पाइपातून फार जोरात पळवलं तर तो थर धुऊन जातो, पण शांत पडून असेल तर वर्षानुवर्षं कुरकुर नाही. लोखंड खातं ते पातळ झालेलं ॲसिड. पाणी शिरलं की खेळ खलास.

आणि पाणी शिरायला कोणी नळी सोडावी लागत नाही. दिवसा उन्हाने टाकी तापते, आतली हवा व्हेंटमधून, म्हणजे छपरावरच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून, बाहेर जाते. रात्री गार होते, बाहेरची हवा आत ओढून घेते. आमच्याकडची रात्रीची हवा म्हणजे खाडीवरची हवा. जुलैत घरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, डब्यातले पापड मऊ पडतात, तीच ही हवा. आणि सल्फ्युरिकला पाण्याची हाव इतकी की हवेतलं पाणीही ते सोडत नाही. टाकीत खाली भरलेलं ॲसिड ढिगाने असतं, त्याला या चिमूटभर पाण्याने काही होत नाही. पण रिकाम्या भागात, भिंतीला आणि छपराला आतून जो ॲसिडचा ओलसर पापुद्रा असतो, तो रोज रात्री थोडा थोडा पातळ होत जातो. आणि मग पत्रा खायला लागतो.

यावर उपाय म्हणून व्हेंटवर एक डबी असते, तिच्यात सिलिका जेलचे दाणे. आत जाणारी हवा त्यांच्यातून गाळून जाते. कोरडे असले की निळे, पाणी पिऊन तुंबले की गुलाबी. शेंबड्या पोरालाही कळेल असा हिशोब. १९९६ च्या जूनमध्ये आमच्या एक नंबर टाकीचे दाणे गुलाबी झाले. मी इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, टाकलं. पर्चेसचे साहेब म्हणाले, “नव्या बुटाच्या खोक्यात निघते तीच ना ही पुडी? ती कशाला विकत आणायची?” इंडेंट परत. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यावर लाल पेनने ‘पुढील तिमाहीत’. ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की हेड ऑफिसातून डायरेक्टर येणार. दोन दिवसांत चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचे सोळा डबे स्टोअरला हजर.

कंत्राटदाराचा एक पोरगा छपरावर चढला, साताऱ्याकडचा, विशीतला. पत्र्यावर थेट पाय ठेवू नको, फळी टाक, असं मी त्याला दरडावून सांगितलं होतं. नोकरीत जी काही शहाणपणाची कामं केली त्यात ही फळी मी पहिली धरतो. व्हेंटच्या गळ्याशी जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते. ते काढायला त्याने स्क्रॅपर लावला. मी खाली शिडी धरून उभा. खर्र, खर्र, खर्र. मग एकदम काहीच नाही. मी वर बघितलं तर पोरगा फळीवर उकिडवा बसून स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघतोय. म्हणाला, “सायेब, हितं पत्रा न्हाई. कागद हाय.”

स्क्रॅपर छपरातून आत गेला होता. वर आधीच्या वर्षीचा चंदेरी रंग तेवढा शाबूत, चमकत होता, आणि त्याच्याखाली लोखंडाच्या जागी तपकिरी भुगा. पोरगा रांगत रांगत शिडीपर्यंत आला. खाली उतरल्यावर त्याचे हात थरथरत होते, आणि त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? स्क्रॅपरचे पैसे बिलातून कापणार का.

मॅनेजर साहेबांचा हुकूम ताबडतोब आला. “वेल्डरला बोलवा, पट्टी मारून घ्या, वरून रंग फिरवा. साहेब गुरुवारी येताहेत.” लोखंड आणि पातळ ॲसिड एकत्र आले की काय निघतं, हे शाळेत शिकवतात. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ होतं, तोच हायड्रोजन. तो हलका, वर चढतो, म्हणजे बरोबर छपराखाली साठतो. तिथे वेल्डिंगची ठिणगी पाडायची म्हणजे परीक्षानळीच्या जागी अख्खी टाकी. मी म्हटलं, साहेब, तेवढं लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की आपल्याकडे भल्याभल्यांना दुसरं काम आठवतं, तसं त्यांनाही आठवलं. गुरुवारी डायरेक्टर आले तेव्हा एक टाकी चंदेरी होती आणि एकीच्या डोक्यावर निळी ताडपत्री. हे काय, असं त्यांनी विचारलं, तर त्यांना सांगण्यात आलं, पेंटिंग चालू आहे.

मी घाबरट होतो म्हणून सांगत नाही. पाच वर्षांनी, १७ जुलै २००१ ला, अमेरिकेतल्या डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत वापरून झालेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीचा स्फोट झाला. गंजाने टाकीला भोकं पडलेली, आत ज्वालाग्राही वाफ, आणि शेजारच्या कॅटवॉकच्या (चालायच्या उंच लोखंडी वाटेच्या) दुरुस्तीचं वेल्डिंगसारखं ठिणग्या उडवणारं काम चालू. एक कामगार गेला, आठ जखमी झाले. टाकी तपासून घ्या, असं त्यांच्याच तपासनिसांनी आधी वारंवार सांगितलं होतं, आणि ते पुढे ढकललं जात होतं. म्हणजे ‘पुढील तिमाहीत’ फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

आमची टाकी शेवटी रिकामी केली. उरलेलं ॲसिड मारायला सोडा ॲश फिरवून, गॅस तपासून, मग अल्ट्रासॉनिक गेजने जाडी घेतली. मूळ पत्रा ८ मिलिमीटरचा. जिथे कायम ॲसिड उभं असायचं तिथे सात, साडेसात. ॲसिडच्या पातळीच्या वर तीन. छपराला काही ठिकाणी गेज आकडाच दाखवेना. म्हणजे ॲसिड होतं तिथे लोखंड ठणठणीत आणि नव्हतं तिथे चाळण. हे बाहेरून बघून कोणाला कळणार होतं? रंगाच्या डब्याला?

खरं दुखणं एवढंच की टाकी रिकामी करायला कोणी तयार होत नाही. रिकामी केली की प्रॉडक्शन थांबतं, ॲसिड ठेवायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि सगळं ठीक निघालं तर ‘उगाच उघडली’ म्हणून बोलणी मेंटेनन्सने खायची. रंगाचं तसं नाही, तो चालू प्लांटमध्ये मारता येतो आणि फोटोत छान दिसतो.

‘सर्व टाक्यांना कॅथोडिक प्रोटेक्शन बंधनकारक करावे’ ही लेखातली सूचनाही अशीच. कॅथोडिक म्हणजे विजेचा करंट सोडून गंज थोपवणं. मातीला टेकलेल्या बुडाला ते उत्तम, कारण ओल्या मातीतून करंट वाहतो. छपराच्या आतल्या बाजूला काय करणार, हवेतून करंट पाठवणार? आणि सल्फ्युरिकच्या टाकीला विजेचं संरक्षण द्यायचंच तर ॲनोडिक देतात, म्हणजे नेमकं उलटं. डिझेलच्या टाकीचं तंत्र पुन्हा निराळं. तिथे पाणी तळाशी बसतं, त्या पाण्यात जंतू वाढतात, आणि बॉटम प्लेट आतून टोचल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांनी जाते. तिथला उपाय म्हणजे तळाचा ड्रेन नेमाने उघडून पाणी काढणं. आमच्या सोसायटीच्या जनरेटरच्या टाकीचा ड्रेन शेवटचा कधी उघडला, हे मी सेक्रेटरींना तीन मीटिंगमध्ये विचारलं. चौथ्या मीटिंगचं मला बोलावणंच आलं नाही. टाकीला मात्र नवा रंग दिलाय. पोपटी.

रंगाला माझा विरोध नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर रंगवाल्यांची पत्रं येतील. पण रंग द्यायचाही नेम असतो. आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे जोरात कणांचा मारा करून, पत्रा पांढरट होईपर्यंत साफ हवा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्याला न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपड्यासकट सुटतो. मे अखेरीस घामाघूम हवेत वायर ब्रश फिरवून घाईने मारलेला ‘पावसाळ्यापूर्वीचा’ रंग हा त्यातलाच. रंगाचा हा नेम मी दोन वर्षांपूर्वीच्या पत्रातही लिहिला होता. आपण ते पत्र छापलंत, आभार. पण त्यातली आर्द्रता कापलीत, दवबिंदू कापलात आणि ‘३ अंश जास्त हवे’ एवढं शेपूट ठेवलंत. कशापेक्षा जास्त? कोपरखैरण्याचे एक स्नेही मला आजही ‘काय तीन अंश’ म्हणून हाक मारतात.

राहता राहिला दिल्लीचा लोहस्तंभ. गंजावरचा लेख आणि शेवटी लोहस्तंभ नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. सोळाशे वर्षं तो टिकला, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, सगळं मान्य. पण त्याच्या पोटात कोणी ॲसिड भरलेलं नाही, आणि तो रबाळ्यात खाडीच्या वाऱ्यावर उभा नाही. पूर्वजांनी स्तंभ टिकवला म्हणून आमच्या टाक्या आपोआप टिकत नाहीत.

माझं नाव छापू नये. नोकरी संपली असली तरी मॅनेजर साहेब याच भागात राहतात आणि सकाळी बागेत भेटतात. आणि जागेअभावी पत्र कापायचंच असेल तर लोहस्तंभ कापा, सोसायटीची पोपटी टाकीही कापा. सिलिका जेलचं तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर, ऐरोली