बिडकीनला कारखाने येतायत, पोरांचं काय? कौशल्य विकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

जुलै २०२४ मधे टोयोटा किर्लोस्करचा बिडकीनसाठी २० हजार कोटींचा करार झाला, आमच्या पैठण तालुक्यात लोकांनी स्टेटसला फोटो ठेवले. एथर, जेएसडब्ल्यू ही नावं पण आली. आनंदच आहे.

पण साधा हिशोब बघा, फिटरचा कोर्स २ वर्षांचा, त्यावर वर्षभर अप्रेंटिसशिप, म्हणजे आज दहावी झालेलं पोरगं कामाला यायला ३ वर्षं. कंपनी काही त्याच्यासाठी थांबणार नाही, ती बाहेरून माणसं आणणार (आणि त्यात तिची चूक पण नाही), आणि ज्यांच्या जमिनी ऑरिकमधे (बिडकीनची ही औद्योगिक नगरी) गेल्या त्यांची पोरं गेटवर सिक्युरिटीत नाहीतर लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे.

आयटीआयचं म्हणाल तर लेथ जुना असला तरी चालेल हो, जुन्या लेथवर उलट हात चांगला बसतो, पण शिकवायला निदेशक तरी पाहिजे ना. तासिका तत्त्वावर माणूस घेता, मानधन रखडतं, मग तो वाळूजला कंपनीत लागतो आणि बॅच बसते पुस्तक वाचत.

युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पोरांना महिन्याला ६, ८, १० हजार मिळाले, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडची बरीचशी पंचायत समितीत नाहीतर शाळेत बसून होती, मशीनला हातच लागला नाही.

बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाची स्वतःची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, २००७ पासून, गावाकडची दहावी झालेली पोरं घेऊन शिकवतात. तशीच बिडकीनला मागा ना! एवढ्या सवलती देतो आपण, मागायला लाजायचं कशाला? आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातच इंडो-जर्मन टूल रूम ही ट्रेनिंगची संस्था आहे, केंद्राची आहे मान्य, पण आयटीआयच्या निदेशकांना सुट्टीत तिथं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) शिकायला पाठवायला काय हरकत आहे?

तर पुढच्या प्रवेश फेरीच्या आत पैठण, गंगापूरच्या आयटीआयमधल्या निदेशकांच्या जागा कायमस्वरूपी भरा आणि मेकॅट्रॉनिक्स, इलेक्ट्रिक गाड्यांच्या ट्रेडच्या सीट वाढवा. कुठली जागा भरली, कुठली रिकामी, ती यादी वेबसाइटवर टाका, आम्ही बघत राहू.

आपला,
पैठण तालुक्यातला एक पालक